उसन्या चालीवरची प्रार्थना

स्पेनमधल्या कितीतरी चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत प्रभूची प्रार्थना ज्या चालीवर गातात, ती चाल पॉल सायमनची आहे. गाणं ‘द साउंड ऑफ सायलेन्स’. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात ज्यू घरात वाढलेल्या मुलाने ऐन तारुण्यात रचलेलं. शब्द स्पॅनिश आणि प्रार्थनेचे, चाल मात्र जशीच्या तशी. मेक्सिकोत, कोलंबियात, अर्जेंटिनातही ती अशीच गातात. ही चाल लहानपणी चर्चमध्ये शिकलेली आणि मोठेपणी कधीतरी रेडिओवर मूळ गाणं ऐकून चकित झालेली माणसं मला स्पेनमध्ये कितीतरी भेटली.

मी वसईची, धर्मभगिनी. आमच्या संस्थेने मला वायादोलिदला पाठवलं ते तिथल्या आमच्या वृद्ध सिस्टरांच्या सेवेसाठी. स्पेनमध्ये मठ मोठे आणि त्यात राहणारी माणसं थोडी, तीही थकलेली, म्हणून भारतातल्या, आफ्रिकेतल्या सिस्टर तिकडे जातात. दिवसभर औषधं, आंघोळी, जेवणं, आणि गुरुवारी संध्याकाळी शेजारच्या चर्चमध्ये गायनवृंदाची तालीम. मला पेटी येते हे कळल्यावर त्यांनी मला ऑर्गनवर बसवलं. तिथे हे गाणं माझ्या हाताखाली आलं, आणि गाणं हाताखाली आलं की मगच ते खरं कळतं. त्यातून जो प्रश्न उभा राहिला तो वरवर संगीताचा वाटेल, पण माझ्या लेखी तो श्रद्धेचा आहे. दुसऱ्याच कामासाठी जन्मलेली चाल देवाच्या कामाला लावता येते का? आणि लावली, तर तिचं आधीचं आयुष्य कुठे जातं?

ही गाणी चर्चमध्ये आली कशी, ते आमच्या गिटारवाल्या सेन्योरनी सांगितलं. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस, बोटं अजून जाड आणि कणखर. 1965च्या उपवासकाळात मिस्सा लॅटिनमधून स्पॅनिशमध्ये आली तेव्हा ते शाळकरी होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर 1963 मध्ये लोकभाषेला दार उघडलं आणि साधारण सव्वा वर्षात ते अमलात आलं. शेकडो वर्षांची लॅटिन गाणी मागे पडली, पण त्यांच्या जागी गायला लोकांच्या भाषेत फारसं काही नव्हतं. तरुण धर्मगुरूंना पुढच्या रविवारसाठी गाणी हवी होती, आणि रेडिओवर ती हवी तेवढी वाजत होती.

त्यात कानांना सवयही झालेली. इंग्रजी गाणं घ्यायचं, चाल ठेवायची, शब्द स्पॅनिश घालायचे, हा तेव्हा सर्रास चालणारा उद्योग होता. 1960 साली मेक्सिकोतल्या ‘लॉस टीन टॉप्स’ या पोरांनी लिटल रिचर्डचं ‘गुड गॉली मिस मॉली’ हे गाणं ‘ला प्लागा’ म्हणून गायलं आणि ते पार स्पेनपर्यंत गाजलं. एल्विसचं ‘जेलहाउस रॉक’ त्यांच्याच तोंडी ‘एल रॉक दे ला कार्सेल’ झालं. बार्सेलोनाचे ‘लॉस मुस्तांग’ बीटल्सची गाणी स्पॅनिशमध्ये गात. मेक्सिकोत अशा गाण्याला ‘रेफ्रितो’ म्हणतात, म्हणजे पुन्हा तळलेलं. आमच्या सेन्योरना इंग्रजीचा गंध नव्हता. त्यांच्या पिढीतल्या बहुतेकांना ही गाणी आधी स्पॅनिशमध्येच भेटली. मूळ गाण्यात काय म्हटलंय हे कुणी विचारत नव्हतं. लिटल रिचर्डचं ते गाणं 1958 साली गाजत होतं, तेव्हा तो स्वतः रॉक सोडून अलाबामातल्या एका ख्रिस्ती कॉलेजात धर्मशिक्षण घेत होता. असलं संगीत देवापासून दूर नेतं असं त्याला वाटू लागलं होतं. मेक्सिकोतल्या पोरांना त्याचं काय!

आणखी एक कारण अगदी हातातलं आहे. आमच्या तालमीच्या वहीत ‘पाद्रे नुएस्त्रो’च्या, म्हणजे प्रभूच्या प्रार्थनेच्या, शब्दांवर कॉर्डांची नावं लिहिली होती: ला मेनोर, सोल, दो, फा. गिटार शिकायला लागलेल्या मुलाला सुरुवातीलाच शिकाव्या लागतात त्या ह्याच. कॉन्झर्व्हेटरीत शिकलेला ऑर्गनवादक गावोगाव कुठून आणणार? पण चार कॉर्ड येणारा चौदा वर्षांचा मुलगा प्रत्येक चर्चमध्ये सापडतो. ह्या वह्या सायक्लोस्टाइल होऊन, नंतर झेरॉक्स होऊन एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये गेल्या. वर कॉर्ड, खाली शब्द. चाल कुणाची, शब्द कुणाचे, ह्याचा पत्ता नाही. आमच्या वहीतही नव्हता.

आता मूळ गाण्याकडे येते. सायमनने मुलाखतींत सांगितलंय की तो बाथरूममध्ये दिवे घालवून, नळ सोडून गिटार वाजवत बसे, कारण तिथल्या फरश्यांमुळे आवाज घुमायचा. 1964 साली सायमन आणि गारफंकल यांनी ते नुसत्या गिटारवर रेकॉर्ड केलं. रेकॉर्ड चालली नाही. जोडी फुटली, सायमन इंग्लंडला निघून गेला. मग जून 1965 मध्ये कंपनीचा निर्माता टॉम विल्सन याने त्या दोघांना न विचारता, त्यांच्या पाठीमागे, त्याच रेकॉर्डिंगवर इलेक्ट्रिक गिटार, बास आणि ड्रम चढवले. ते गाणं जानेवारी 1966 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. जगाला जे ‘मूळ’ म्हणून माहीत आहे, तेही रचणाऱ्याच्या नकळत बदललेलं आहे. चर्चने सायमनच्या गाण्याला हात लावला असं म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं.

त्या गाण्यात एक माणूस काळोखाशी बोलतो. त्याला हजारो माणसं दिसतात, बोलणारी, ऐकणारी, पण कुणाचं कुणाला पोचत नाही. शेवटी ती माणसं स्वतःच घडवलेल्या एका निऑनच्या देवापुढे वाकतात आणि प्रार्थना करतात. म्हणजे खोट्या प्रार्थनेवर रचलेली ही चाल, आणि तिच्यावर येशूने शिकवलेली प्रार्थना बसवलेली. हे मला कळलं तेव्हा मी हबकले नाही, उलट बरं वाटलं. ज्या चालीने शहरातल्या माणसाचं एकटेपण इतक्या स्पष्टपणे सांगितलं, तिच्यावरच ‘बापा’ अशी हाक कुणीतरी घातली. ज्याने ती घातली त्याला मूळ गाण्याचा अर्थ कदाचित ठाऊकही नसेल. पण काळोखाला मित्र म्हणणाऱ्या माणसाला पुढे बोलायला कुणीतरी दिलं, एवढं खरं.

अर्थात एवढ्याने प्रश्न सुटत नाही, कारण तो जुना आणि जड आहे. संत ऑगस्टीनने सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात तो मांडला. जे गायलं जातंय त्यापेक्षा गाणंच मला जास्त हलवून जातं तेव्हा माझ्या हातून पाप घडतं, असं तो कबूल करतो. अशा वेळी गायक कानावर पडूच नये असं त्याला वाटतं. अलेक्झांड्रियाचा अथनेशियस स्तोत्रं इतकी सपाट म्हणायला लावी की ते गाण्यापेक्षा वाचणंच वाटावं, हे त्याला आठवतं आणि क्षणभर पटतं. पण लगेच त्याला स्वतःचे अश्रूही आठवतात. श्रद्धा नवी असताना चर्चमधल्या गाण्याने त्याचे डोळे भरून आले होते. शेवटी तो गाण्याच्या बाजूला झुकतो, पण अंग राखून. मला ऑगस्टीन सगळ्यात जवळचा वाटतो तो इथे. त्याने हा प्रश्न मिटवून टाकला नाही.

आपल्याकडे नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त एक गोष्ट सांगून ठेवली आहे: गीताच्या स्वरांना वाच्यार्थ नसतो, तरी ते रस व्यक्त करतात. शब्द नसताना जे व्यक्त होतं, ते शब्द बदलल्यावर पुसलं जाईल कसं? ऑर्गनवर बसून मी हे अनुभवलंय. ‘पाद्रे नुएस्त्रो’ची पहिली ओळ वाजवली की चर्चमध्ये एक विशिष्ट खिन्नता पसरते. ती प्रार्थनेच्या शब्दांतून येत नाही, कारण ह्या प्रार्थनेत खिन्न असं काही नाही. ती सायमनकडून येते.

चालीला स्मरण असतं, ह्याचं एक उदाहरण आमच्या गायनवृंदातल्या मेक्सिकन मुलीने मला दिलं. ती एका म्हाताऱ्या जोडप्याला सांभाळायची आणि काम करताना सेलेनाची गाणी लावायची. सेलेना ही टेक्सासमधली गायिका, घराणं मेक्सिकन, पण लहानपणापासून बोलणं इंग्रजीत. स्पॅनिशमध्ये गायला तिला वडिलांनी शिकवलं. 1994च्या ‘आमोर प्रोहिबिदो’ या अल्बममध्ये तिचं ‘फोतोस इ रेकुएर्दोस’ हे गाणं आहे. चाल ‘द प्रिटेंडर्स’ या बँडच्या ‘बॅक ऑन द चेन गँग’ची. ते मूळ गाणं क्रिसी हाइंडने 1982 साली गायलं आणि आपल्या बँडचा गिटारवादक जेम्स हनीमन-स्कॉट याच्या स्मृतीला वाहिलं. तो त्याच वर्षी जूनमध्ये गेला होता, पंचविशीत. सेलेनाच्या बँडमधल्या रिकी वेलाने त्या चालीवर वेगळे शब्द लिहिले: दूर असलेला प्रियकर, त्याचे फोटो, त्याच्या आठवणी. मरणाचा त्यात संबंध नाही. जानेवारी 1995 मध्ये ते सिंगल म्हणून आलं. 31 मार्च 1995 रोजी सेलेनाचा खून झाला. चोविसावा वाढदिवस सोळा दिवसांवर होता.

त्या दिवसापासून ते गाणं तिच्या चाहत्यांना पुन्हा शोकगीत म्हणूनच ऐकू येतं. शब्द एकही बदललेला नाही. आमच्या मेक्सिकन मुलीला हाइंड माहीत नव्हती, तो गिटारवादक माहीत नव्हता. तरी ती म्हणाली, ‘‘एर्माना (सिस्टर), ह्या गाण्यात आधीपासूनच कुणीतरी गेलेलं आहे.’’ मी तिच्यासमोर फोनवर मूळ गाणं लावलं आणि ते कुणासाठी रचलंय ते सांगितलं. ती बटाटे चिरत होती. सुरी खाली ठेवून तिने ते शेवटपर्यंत ऐकलं.

म्हणून चाल म्हणजे रिकामं भांडं, काहीही ओता, हे म्हणणं मी मानत नाही. पण चालीचं आधीचं आयुष्य पापी होतं म्हणून ती देवाला नको, हेही मला मान्य नाही. ट्रेंटच्या परिषदेने 1562 साली चर्चमधून कामुक आणि अशुद्ध संगीत दूर ठेवा असं सांगितलं ते बरोबरच आहे. पण त्याच शतकात, मी राहिले त्या कास्तिल प्रांतात, प्रेमगीतं देवाकडे वळवण्याची चालच पडून गेली होती. तिला ‘आ लो दिव्हिनो’ म्हणत. गार्सिलासो दे ला व्हेगाच्या शृंगारिक कविता सेबास्तियान दे कोर्दोबा नावाच्या माणसाने एकेक करून ख्रिस्ती केल्या आणि 1575 साली छापल्या. संत योहान ऑफ द क्रॉस हा स्पेनचा सगळ्यात थोर संतकवी. त्याने ते पुस्तक वाचलं होतं, आणि स्वतःच्या एका कवितेचा घाट समजावताना त्याचा दाखलाही दिला आहे. टोलेडोच्या कोठडीत त्याला डांबलं होतं तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्या कुणा मुलाचं प्रेमगीत कानावर आलं आणि त्याचं देहभान हरपलं, अशी कथा सांगतात. तो ज्या वायादोलिदच्या परिसरात वावरला, तिथेच आज निवृत्त रेल्वे कामगार सायमनच्या चालीवर प्रार्थना गातो. ही परंपरा आहे, आणि ती गिटार चर्चमध्ये येण्याच्या पुष्कळ आधीची आहे.

उलटा प्रवासही होतो. 1601 साली हान्स लेओ हासलर या जर्मन संगीतकाराने एक प्रेमगीत छापलं. पुढे त्याच चालीवर येशूच्या काटेरी मुकुटाचं दुःखगीत बसवलं गेलं. बाखने ते ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मध्ये पुन्हा पुन्हा आणलं. मुंबईतल्या इंग्रजी उपासनांतही गुड फ्रायडेला ही चाल ऐकू येते. आणि 1973 साली तीच चाल घेऊन एका माणसाने थकलेल्या अमेरिकन प्रवाशाचं गाणं रचलं. ‘अमेरिकन ट्यून’. तो माणूस पॉल सायमन. त्याने चर्चची चाल घेतली, चर्चने त्याची. प्रेमगीत, दुःखगीत, प्रवाशाचं गाणं. चार शतकांत ह्या एका चालीला कुणी बाटवू शकलं नाही. असं असताना सायमनच्या चालीवर ‘पाद्रे नुएस्त्रो’ ऐकून कुणी नाक मुरडलं, तर मी त्याला हासलर ऐकवते.

चालीपुरता माझा निकाल असा. आता शब्दांकडे येते, कारण खरी अडचण तिथे आहे आणि त्याबद्दल स्पेनमध्येही फार कमी बोललं जातं.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत सात मागण्या मोजतात. पहिल्या तीन देवाबद्दल: नाव, राज्य, इच्छा. पुढच्या माणसाच्या: भाकर, क्षमा, मोह, वाईट. आता सायमनच्या चालीवरचे स्पॅनिश शब्द ह्या प्रार्थनेशेजारी ठेवून पाहा. मी एका रात्री ते वहीत समोरासमोर लिहून काढले. स्वर्गातला बाप इथे सत्यावर प्रेम करणाऱ्यांमध्ये राहतो. विचार सुंदर आहे, पण येशू ते म्हणाला नव्हता. राज्य आहे, ते हृदयात येवो असं म्हटलंय. रोजची भाकर नाही, तिच्या जागी एकतेची भाकर आहे आणि तीही बापाकडे न मागता मध्येच ख्रिस्ताला हाक मारून. क्षमेच्या जागी विसरणं आलंय: आम्ही दुसऱ्यांचं विसरलो तर तू आमचं विसर. मोह आहे. वाईटापासून सुटका नाही, तिथे जगावर दया कर असं आहे. आणि दोन मागण्या पार गळाल्या आहेत. तुझं नाव पवित्र मानलं जावो ही एक. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो ही दुसरी.

गळालेली पहिली मागणी मला विशेष लागली. देवाचं नाव पवित्र होवो आणि त्याचं राज्य येवो ही जोडी येशूला घरातून, त्याच्या लोकांच्या प्रार्थनेतून मिळालेली आहे. ज्यू लोकांच्या ‘कद्दीश’ प्रार्थनेची सुरुवात अशीच होते. चाल एका ज्यू तरुणाची घेतली, आणि प्रार्थनेतला सगळ्यात ज्यू भाग तिच्यात मावला नाही म्हणून बाहेर राहिला. ज्याने शब्द बसवले त्याच्या हे मनातही नसणार. त्याला ओळी भरायच्या होत्या, यमकं जुळवायची होती, रविवार तोंडावर आला होता. पण बाळाला झबलं होत नाही म्हणून बाळाचं अंग कापत नाहीत.

दुसऱ्या मागणीबद्दल मला आमच्या एका सिस्टरने शिकवलं. ऐंशी ओलांडलेल्या, अर्धं अंग गेलेलं, पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. रविवारी मी त्यांना चाकाच्या खुर्चीतून मिस्सेला न्यायची. त्या सायमनच्या चालीवर सगळ्यांबरोबर गात, आवाज छान होता. खोलीत परत आलो की खुर्चीचा ब्रेक लावायला सांगत आणि म्हणत, ‘‘आता राहिलेलं म्हणूया.’’ मग आम्ही दोघी ‘पाद्रे नुएस्त्रो’ साध्या शब्दांत, चालीशिवाय, पूर्ण म्हणत असू. त्या ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’पाशी दर वेळी थांबत. कधी लगेच पुढे जात, कधी बराच वेळ काही बोलत नसत. एका सकाळी त्यांना ते म्हणता आलं नाही. त्यांनी हाताने मला पुढे जायची खूण केली, आणि मी एकटीने म्हटलं. येशूनेही गेथसेमनीच्या बागेत हीच मागणी घाम गाळत म्हटली होती. माणसाला सगळ्यात अवघड जाणारं वाक्य हेच, आणि गाण्यातून नेमकं तेच निसटलंय. ते म्हणावंच लागत नसेल तर प्रार्थना सोपी होते खरी. पण ती सोपी नको आहे.

चर्चचा नियम ह्या बाबतीत स्पष्ट आहे. ज्या 1963च्या दस्तऐवजाने लोकभाषेला परवानगी दिली, त्याच दस्तऐवजाने सांगितलं की उपासनेत कुणीही, धर्मगुरूनेसुद्धा, आपल्या अधिकारात काही घालू नये, काढू नये, बदलू नये. 2004 साली रोमने पुन्हा बजावलं की उपासनेचे शब्द मनाप्रमाणे बदलण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. मला ह्यात निव्वळ शिस्त दिसत नाही. हे शब्द आमचे नाहीत, ते आम्हाला शिकवलेले आहेत. शिष्यांनी येशूला विचारलं, आम्हाला प्रार्थना करायला शिकवा, आणि त्याने शिकवलं. त्यातलं आम्हाला जड जाणारं वाक्य आम्ही वगळायचं आणि तरी ती त्याची प्रार्थना म्हणायची, हे प्रामाणिक नाही.

शब्द अभंग ठेवून चाल मातीतली घेता येते, हे अर्जेंटिनाच्या आरिएल रामिरेसने 1964 सालीच दाखवून दिलं होतं. त्याच्या ‘मिसा क्रिओया’त मिस्सेचे स्पॅनिश शब्द आहेत तसेच आहेत, आणि त्यांच्याखाली अर्जेंटिनाचे लोकताल: दयागीताला विदाला आणि बागुआला, गौरवगीताला कार्नाव्हालितो, श्रद्धांगीकाराला चाकारेरा. चारांगो आणि ढोल वाजतात, आणि शब्द मात्र सगळे जागच्या जागी.

ह्या बाबतीत आपली मराठी ओवी मला स्पेनमध्ये फार आठवली. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला आणि 1616 साली त्याचं ‘क्रिस्तपुराण’ रायतूरला छापलं गेलं. दहा हजारांच्या वर ओव्या, ज्ञानेश्वरीच्या वळणाच्या, मराठीत. ख्रिस्ताची कथा हिंदू पुराणाच्या घाटात घालणं हे त्या काळी सायमनच्या चालीपेक्षा कितीतरी मोठं धाडस होतं. ते निभावलं ह्याचं एक कारण ओवीच्या रचनेतच आहे, असं मला वाटतं. ग्रंथातल्या ओवीत चरणाची अक्षरं बांधलेली नसतात. चरण लांबतो, आखडतो, सांगायचं आहे ते सगळं सांगून झालं की चौथ्या तोकड्या चरणावर थांबतो. ती आशयाला कापत नाही. सायमनच्या चालीला ही सवड नाही. तिची ओळ ठरलेली, श्वास ठरलेला, आणि ती सुंदर आहे ती त्या ठरलेपणामुळेच. नारायण वामन टिळकांनीही ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणि कीर्तनात आणली. उसनं घेण्याला ते भ्यायले नाहीत. पण त्यांनी स्वतःची पदं लिहिली, येशूच्या तोंडची प्रार्थना छाटली नाही.

उसन्या चालींना मिस्सेत जागा नाही असं माझं म्हणणं नाही. आमच्या वायादोलिदच्या चर्चमध्ये अर्पणविधीला बॉब डिलनच्या ‘ब्लोइन इन द विंड’च्या चालीवर एक गाणं गायचे, तेही स्पेनभर प्रसिद्ध आहे. अर्पणविधीच्या गाण्याला ठरलेले शब्द नसतात, म्हणून तिथे काही कापलं जात नाही. त्या गाण्याला मी मनापासून साथ केली. डिलनने स्वतः सांगितलंय की ती चाल त्याने काळ्या गुलामांच्या एका जुन्या गाण्यावरून घेतली, लिलावाच्या ओट्यावर पुन्हा कधी उभं न राहण्याच्या गाण्यावरून. माणसं विकली जात होती तिथून निघालेली चाल भाकर आणि द्राक्षरस वेदीवर आणताना वाजते, ह्याहून योग्य जागा मला तरी सुचत नाही. सप्टेंबर 1997 मध्ये बोलोन्याला तरुणांच्या प्रचंड मेळाव्यात डिलन गायला तेव्हा पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याच्या ह्या गाण्याचा धागा धरून प्रवचन केलं. उत्तर वाऱ्यात आहे हे खरं, पण तो वारा पवित्र आत्म्याचा श्वास आहे, असं त्यांनी मुलांना सांगितलं. पुढे पोप झालेल्या कार्डिनल रात्सिंगरना डिलनला तिथे बोलावणं पसंत नव्हतं, असं त्यांनीच नंतर लिहिलं. एकाच चर्चमधली, एकाच पिढीतली ही दोन थोर माणसं, आणि दोघांचं मत वेगळं. मी पहिल्यांच्या बाजूची आहे, पण दुसऱ्यांची काळजी मला समजते.

आता वसईत परत आल्यावर पाहते, आपल्याकडेही तेच सुरू आहे. हिंदी सिनेमाच्या चाली, इंग्रजी चाली, यूट्यूबवरून उतरवलेली गाणी. देवळातल्या भजनी मंडळांतही सिनेमाच्या चाली येतात, तो प्रश्न त्यांचा त्यांनी सोडवावा. आमच्या गायनवृंदांना मात्र माझी हात जोडून विनंती आहे. प्रवेशाला, अर्पणाला, कम्युनियनला चाल कुठलीही घ्या, फक्त ती आधी कुणाच्या दुःखातून किंवा प्रेमातून आली आहे ते माहीत करून घ्या. ‘आमच्या बापा’ ह्या प्रार्थनेला चाल लावायची असेल तर अशी लावा की सातही मागण्या तिच्यात बसतील, आणि बसत नसतील तर प्रार्थना तशीच म्हणा. आणि गाण्याच्या वहीत प्रत्येक गाण्याखाली दोन नावं लिहा: शब्द कुणाचे आणि चाल कुणाची.